शनिवारचं शूटिंग, रविवारचा प्रयोग: नाशिकच्या एका चरित्र अभिनेत्याचं प्रकरण

अभिनयाचं रौप्यपदक, व्यावसायिक नाटकात भरीव भूमिका आणि मालिकेत आजोबांचं काम, हे सगळं दोन वर्षांच्या आत जुळून आलेला नाशिकचा एक चरित्र अभिनेता. त्याचा घरच्याच नाट्यगृहातला प्रयोग दुसऱ्या अंकात घसरला. प्रेक्षकांपैकी फार थोड्यांच्या ते लक्षात आलं. रंगमंचावरच्या प्रत्येकाला आणि विंगेतल्या सगळ्यांना मात्र कळलं.

हा नट काल्पनिक आहे. त्याचं नाटक, मालिका आणि मानधनाचे आकडेही नमुन्यादाखल आहेत. नाट्यगृहं, रस्ते, कामाच्या पद्धती आणि कराचे नियम खरे आहेत. सेटवर सगळे त्यांना 'काका' म्हणतात, म्हणून इथेही काकाच.

पदकापर्यंतची वाट

काका ६१ वर्षांचे. नोकरी नाशिकरोडच्या छापखान्यात, निवृत्ती साठाव्या वर्षी. अभिनयाची सुरुवात कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेतून झाली. पुढे सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी राज्य नाट्य स्पर्धा. कधी परशुराम साईखेडकर नाट्यमंदिरात प्रयोग, कधी महाकवी कालिदास कलामंदिरात. नोकरीत असताना मानधन घेऊन बाहेरचं काम करायचं तर परवानगी लागते, म्हणून पंचवीस वर्षं सगळं हौशी. नोकरीच्या शेवटच्या वर्षात राज्य स्पर्धेत अभिनयाचं रौप्यपदक मिळालं. त्याच प्रयोगाला आलेल्या एका निर्मात्याने काकांना निवृत्तीनंतर नव्या नाटकात घेतलं.

स्पर्धेचा नट आणि व्यावसायिक नट यांच्या अभिनयात फरक असेलच असं नाही. फरक असतो तो सवयीत. स्पर्धेसाठी महिना-दीड महिना तालीम चालते. केंद्रावर एक प्रयोग होतो, नंबर आला तर अंतिम फेरीत दुसरा. म्हणजे पंचवीस वर्षं स्पर्धा गाजवलेल्या नटाचे एकूण प्रयोग पन्नासच्या आसपास भरतात. व्यावसायिक नाटक चाललं तर तेवढे प्रयोग सहा महिन्यांत होतात. स्पर्धेत सगळी ताकद एका संध्याकाळसाठी राखलेली असते. आदल्या दिवशी रजा, घशाला आराम, घरच्यांची ये-जा बंद. व्यावसायिकात आदल्या दिवशी काहीही झालेलं असतं आणि तरी तिसरी घंटा वेळेवर होते. पदक त्या एका संध्याकाळचं असतं. काकांच्या पुढच्या अडचणी बहुतेक इथूनच निघाल्या, आणि त्या त्यांच्याही आधी त्यांना घेणाऱ्यांच्या लक्षात यायला हव्या होत्या.

भूमिका कशी बांधली होती

नाटक दोन अंकी, पात्रं सात. काका ७८ वर्षांच्या सासऱ्याच्या भूमिकेत. पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात एन्ट्री, आणि दुसरा अंक जवळजवळ पूर्ण रंगमंचावर.

एकसष्टीच्या माणसाने अठ्ठ्याहत्तरीचा माणूस उभा करणं वाटतं तितकं सोपं नसतं. तरुण नट म्हातारपण बाहेरून लावतो, साठीचा नट 'आहेच की मी म्हातारा' म्हणून काहीच लावत नाही. दोन्ही फसतं. कुसुमाग्रजांच्या 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० ला झाला, तेव्हा आप्पासाहेब बेलवलकर उभे करणारे डॉ. श्रीराम लागू ४३ वर्षांचे होते. नाक-कान-घशाची प्रॅक्टिस सोडून ते पूर्णवेळ नट झाले त्याला जेमतेम वर्ष उलटलं होतं. ते म्हातारपण खऱ्या वयाच्या आधाराने उभं राहिलं नव्हतं, हे नाशिकच्या कुठल्याही नटाला सांगावं लागत नाही.

काकांच्या भूमिकेत वय तीन जागी ठेवलेलं होतं. खुर्चीतून उठताना आधी बूड पुढे सरकवायचं, मग हात गुडघ्यांवर, मग उठायचं. या तीन हालचालींच्या मध्ये वाक्य तोडायचं नाही, बोलणं चालूच. दुसरी जागा मानेची. कुणी हाक मारली की आधी डोळे वळतात, मग मान, शेवटी खांदे. तरुण माणसाचं हे तिन्ही एकदम वळतं. तिसरी जागा श्वासाची. आवाज कापरा करायचा नाही. कापरा आवाज चौथ्या प्रयोगापासून घशावर बसतो आणि दहाव्या रांगेपलीकडे शब्द विरून जातात. त्याऐवजी लांब वाक्यात एक जास्तीचा श्वास घ्यायचा, आणि तो क्रियापदाच्या आधी. प्रेक्षकाला वाटतं, म्हाताऱ्याला दम लागला. नटाला पुढच्या वाक्यासाठी हवा मिळते.

दिग्दर्शकाने आणखी एक गोष्ट करून घेतली होती: चष्मा. काढलेला चष्मा कुठल्या खिशात जातो हे प्रत्येक प्रयोगात ठरलेलं. दुसऱ्या अंकात सून पत्र आणून देते तेव्हा काकांनी आधी उजवा खिसा चाचपायचा आणि चष्मा डाव्या खिशात सापडायचा. इथे हमखास हंशा येतो. या पत्राचं पुढे काम आहे.

मालिका आली

तीस-पस्तीस प्रयोग झाल्यावर मालिकेसाठी विचारणा झाली. ऑडिशन मोबाइलवर चित्रित करून पाठवायची होती. मागे साधी भिंत, कॅमेरा आडवा, आधी नाव, उंची आणि दोन्ही बाजूंचे प्रोफाइल, मग दोन मिनिटांचा प्रसंग. काकांनी पहिल्यांदा पाठवलेला तुकडा नाट्यगृहाच्या पट्टीतला होता. तो परत आला, 'आवाज निम्मा करा, भुवया हलवू नका' या निरोपासह. दुसरा पसंत पडला.

बोलणी फोनवर झाली. महिन्याला साधारण १२ ते १४ दिवस शूटिंग, १२ तासांची शिफ्ट, सेट मुंबईत मालाडच्या पुढे मढला. काकांनी सांगितलं, नाटकाचे प्रयोग शनिवार-रविवारी असतात. पलीकडून उत्तर आलं, 'सांभाळून घेऊ काका.' नाटकाच्या व्यवस्थापकाने मालिकेबद्दल विचारलं तेव्हा काकांनी त्यालाही जवळपास हेच सांगितलं. दोन्हीकडे मेल गेली नाही. करारात तारखांबद्दल वाक्य होतं ते एवढंच, की कलाकार निर्मितीसंस्थेच्या गरजेनुसार उपलब्ध राहील.

पहिले दोन महिने निभावून गेले. मग आजोबांच्या गोष्टीला प्रतिसाद मिळू लागला, लेखकांनी ट्रॅक वाढवला आणि दिवस चौदावरून अठरावर गेले. नटाला आनंद व्हावा अशीच गोष्ट. पण दैनंदिन मालिकेत ट्रॅक वाढतो तेव्हा भागांची बँक, म्हणजे आधी चित्रित करून ठेवलेले भाग, आटलेली असते. दोन दिवसांनी दाखवायचा भाग आज चित्रित होत असेल, तर कुणाला लवकर सोडणं शूटिंगच्या तारखा लावणाऱ्या शेड्युलरच्या हातात राहत नाही.

नाशिकहून मढ हा प्रवासही समजून घ्यायला हवा. पंचवटी एक्सप्रेस सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोड सोडते. दादरला उतरून लोकलने मालाड आणि पुढे रिक्षा किंवा बस केली तरी सेटवर पोचेपर्यंत दुपार होते. नऊच्या कॉल टाइमला, म्हणजे सेटवर हजर व्हायच्या वेळेला, ती उपयोगाची नाही. म्हणजे आदल्या रात्रीच मुंबईत मुक्काम, किंवा पहाटे चारला गाडीने निघायचं. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमने हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि कसारा घाटाची कटकट बरीच कमी झाली. पण आमनेच्या पुढे भिवंडी, ठाणे, घोडबंदर आहेच, आणि रात्री तिथे अवजड वाहनांची रांग असते. वेळ वाचतो तो घाटात, जातो तो घोडबंदरला.

त्या दोन दिवसांत काय झालं

शनिवारी कॉल नऊचा होता, पॅकअप रात्री नऊला ठरलेलं. काका सकाळी पावणेनऊला मेकअपला बसले. दिवसभरात सात सीन. त्यातला शेवटचा घरच्या सगळ्यांसमोर चिडण्याचा, म्हणजे सगळे एकत्र दिसणारा मास्टर शॉट आणि त्यानंतर आठ जणांचे क्लोजअप. अशा सीनमध्ये नियम असा, की क्लोज दुसऱ्याचा असला तरी क्यू देणाऱ्याने, म्हणजे समोरून आधीचं वाक्य बोलणाऱ्याने, पूर्ण ताकदीने बोलायचं, नाहीतर समोरच्याचा चेहरा पडतो. काका रंगभूमीवरचे. त्यांनी आठही वेळा पूर्ण ताकदीने आवाज लावला. पॅकअप झालं रात्री ११:४० ला.

मेकअप उतरवून निघायला सव्वाबारा. घोडबंदरला तासभर खोळंबा. घरी पोचले पहाटे ५:१०. झोप लागली ती साडेनऊपर्यंत, म्हणजे चार तासांच्या आसपास. उठल्यावर आवाज बसलेला. काकांनी मेन्थॉलच्या गोळ्या चघळल्या, तीन कप चहा घेतला आणि घशाला आराम म्हणून दुपारपर्यंत कुजबुजत बोलले. या तिन्ही गोष्टींनी नुकसान केलं. मेन्थॉलने दुखणं कळेनासं होतं, सूज तशीच राहते. झोप मोडून घेतलेल्या एवढ्या चहाने जळजळ वाढते आणि पाणी प्यायचं राहून जातं. आणि कुजबुजणं म्हणजे घशाला आराम, ही नटांमधली सगळ्यात जुनी गैरसमजूत आहे. कुजबुजताना घसा आवळला जातो आणि बरेचदा साध्या हळू बोलण्यापेक्षा जास्त ताण पडतो. आराम द्यायचा तर गप्प बसायचं.

दुपारी तीनला काका कालिदासच्या रंगपटात हजर. इथे दुसरी अडचण निघाली. नाटकातला सासरा दाढी केलेला, भरघोस मिशीचा. मालिकेतल्या आजोबांना पांढरी खुरटी दाढी, आणि मालिकेत दुसऱ्याच दिवशी त्याच सीनचा उरलेला भाग. दाढी काढली तर सोमवारची कंटिन्युइटी, म्हणजे आधीच्या शॉटशी दिसण्याचा मेळ, मोडते. आधीच्या प्रयोगांना तारखा दूर असल्याने दाढी काढून पुन्हा वाढवायला चार-पाच दिवस मिळत होते, यावेळी नव्हते. दिग्दर्शक फोनवर सापडेना. शेवटी रंगभूषाकाराने गालांवर दाट फाउंडेशन लावून दाढी दाबायचा प्रयत्न केला. लांबून ते गालाला प्लास्टर केल्यासारखं दिसत होतं. चार वाजता ते पुसलं आणि दाढी ठेवूनच प्रयोग करायचं ठरलं. या भानगडीत प्रयोगाआधीची पाठांतराची उजळणी राहून गेली.

पहिला अंक ओढून नेला. आवाज खरखरीत होता, पण म्हाताऱ्याच्या भूमिकेला खपून गेला. घसरला तो दुसरा अंक.

संहितेत सासऱ्याला सुनेकडून दोन ठिकाणी जवळजवळ सारखा क्यू आहे. पान ४१ वर ती म्हणते, 'बाबा, आता पुरे.' पान ४६ वर, 'बाबा, आता पुरे झालं.' पहिल्या क्यूवर काकांनी दुसऱ्या जागेचं उत्तर दिलं आणि पाच पानं गळाली. त्या पाच पानांत सून पत्र आणून देते. पत्र हातात नसताना काका पत्राबद्दल बोलू लागले. उजवा खिसा चाचपला, डाव्यातून चष्मा काढला आणि रिकाम्या हाताकडे बघत राहिले. दोन-तीन सेकंद. रंगमंचावर एवढा वेळ फार असतो.

सावरलं ते सुनेची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीने. तिने टेबलाच्या खणातून पत्र काढलं, 'लपवून ठेवलं होतं मी, बाबा' असं मनाचं वाक्य टाकून ते काकांच्या हातात दिलं आणि लगेच पान ४२ च्या मधला प्रश्न विचारून गळालेल्या भागातली मुख्य माहिती त्यांच्याकडून काढून घेतली. प्रकाशयोजनेचे दोन क्यू चुकले. संगीत वाजवणाऱ्याने मात्र प्रसंग ओळखून एक तुकडा गाळला. नाटक सात-आठ मिनिटं लवकर संपलं. टाळ्या पडल्या.

सोमवारी काकांचा आवाज पूर्ण गेला. मालिकेचा एक दिवस रद्द झाला आणि घसातज्ज्ञांनी दुर्बिणीने तपासून पाच दिवस न बोलण्याचा सल्ला दिला. स्वरतंतूंना सूज होती, रक्तस्राव नव्हता. हे नशीब. रक्तस्राव झालेल्या स्वरतंतूंवर नटाने आणखी एक प्रयोग ओढला तर आवाज कायमचा बिघडू शकतो. जोर लावताना आवाज अचानक गेला तर त्याच क्षणी थांबायचं, आणि बसलेला आवाज दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही तर तपासणी टाळायची नाही.

नेमकं कुठे चुकलं

नाटकमंडळींचा पहिला निष्कर्ष होता, 'वय झालं, पाठांतर राहत नाही.' तो चुकीचा होता. स्पर्धेच्या नाटकातली तीस पानं काकांना आजही पाठ आहेत. मालिकेच्या संवादांची सवय मात्र उलटी असते. पानं सेटवर हातात पडतात, वीस मिनिटांत डोक्यात घ्यायची, शॉट झाला की विसरायची. महिन्यात अठरा दिवस विसरण्याचा सराव केल्यावर नाटकाच्या सारख्या क्यूमधला फरक पुसट होतो. तरुण नटांचंही हेच होतं, फक्त त्यांची झोप लवकर भरून निघते आणि दोष वयावर येत नाही.

सारख्या क्यूची जागा हा संहितेतला दोष आहे आणि तो तालमीतच दुरुस्त व्हायला हवा होता. अशा ठिकाणी एकतर वाक्य बदलायचं, किंवा दोन्ही वेळी नटाची जागा वेगळी ठेवायची. पहिल्यांदा खुर्चीत, दुसऱ्यांदा खिडकीशी. शरीराला जागा आठवते आणि जागेवरून वाक्य. या नाटकात दोन्ही वेळी काका त्याच खुर्चीत होते.

मुख्य दोष तारखांचा. व्यवस्थापक आणि शेड्युलर एकमेकांशी कधीच बोलले नव्हते. दोघांच्या मध्ये काका, आणि काकांचा स्वभाव नोकरीतला. दोन्ही साहेबांना 'हो' म्हणायचं आणि मग स्वतः राबायचं. नाट्यगृहाची तारीख काही महिने आधी घेतलेली असते. प्रयोग रद्द झाला तर भाडं, जाहिरात, बस, तंत्रज्ञांचे पैसे हे सगळं निर्मात्याच्या अंगावर येतं आणि प्रेक्षकांचे पैसे परत करावे लागतात ते वेगळेच. मालिकेची अडचण निराळी. तिथे भागच नसेल तर वाहिनीला दाखवायला काही उरत नाही. दोघांच्याही अडचणी खऱ्या आहेत, म्हणूनच त्या नटाने तोंडी सोडवायच्या नसतात.

पुढे काय बदललं

मेल गेली. एकाच मेलमध्ये दोन्ही बाजू. पुढच्या तीन महिन्यांच्या प्रयोगांच्या तारखा, आणि त्यांच्याखाली चार ओळी. प्रयोगाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सातनंतर शूटिंग नाही. नाईट शिफ्ट असेल तर दुसऱ्या दिवशी प्रयोग नाही. महिन्याला कमाल १५ दिवस, त्याहून जास्त लागले तर आठ दिवस आधी कळवायचं. नव्या प्रयोगाची तारीख निर्माता मालिकेला विचारून मगच घेईल. मालिकेने तिसरी ओळ बदलून १६ दिवस केली आणि बाकीच्या मान्य केल्या. करार झाल्यावर हे मिळवणं अवघड असतं. काकांना मिळालं, कारण ट्रॅक चालू होता. पदकाचा उल्लेख बोलण्यात कुणीच केला नाही.

दाढीचा प्रश्न नाटकाने सोडवला. कॅमेऱ्यासमोर चिकटवलेली दाढी बारा तास टिकत नाही. घामाने कडा सुटतात, क्लोजअपमध्ये जाळी दिसते आणि दाढी चिकटवायच्या स्पिरिट गमने गाल सोलवटतात. रंगमंचावर चिकटवलेली दाढी चालते, पण वाढवलेली दाढी लपवता येत नाही. म्हणून नाटकातल्या सासऱ्यालाच खुरटी दाढी दिली. सुनेच्या तोंडी 'दाढी तरी करायची होती' हे एक वाक्य घातलं आणि त्याला हंशा येऊ लागला. ट्रिमरचं माप ठरलं ४ मिलिमीटर. शूटिंगच्या दिवशी सकाळी दाढी कोरायची आणि समोरून, डावीकडून, उजवीकडून असे तीन फोटो कंटिन्युइटी पाहणाऱ्या साहाय्यकाला पाठवायचे.

आवाजासाठी नियम साधे ठेवले. दिवसभरात दोन-अडीच लिटर पाणी, एकदम नाही, थोडं थोडं. प्रयोगाआधी दहा मिनिटं साधी वाफ, तिच्यात काही न घालता. मग पंधरा मिनिटं ओठांची फुरफुर आणि गुणगुणणं, खालच्या पट्टीतून वर. सेटवर दुसऱ्याच्या क्लोजला क्यू देताना भाव पूर्ण, आवाज निम्मा. हे दिग्दर्शकाला आधी सांगून ठेवायचं. आणि प्रयोगानंतरचं जेवण. रात्री अकराला भाजी-भाकरी-ठेचा खाऊन बसमध्ये आडवं होणं ही आपल्या दौऱ्यांची पद्धत आहे, आणि सकाळच्या घोगऱ्या आवाजामागे बरेचदा वर आलेलं हेच आम्ल असतं. काका आता संध्याकाळी चारला नीट जेवतात आणि प्रयोगानंतर केळं-दूध घेतात. दौऱ्यावर यावरून त्यांची थट्टा होते.

पाठांतरासाठी प्रयोगाच्या दिवशी सकाळी चाळीस मिनिटं फोनवर वाचन, सुनेच्या भूमिकेतल्या अभिनेत्रीबरोबर, फक्त दुसरा अंक. भाव न घालता, दुप्पट वेगाने. वेगात म्हणताना जी जागा अडखळते तीच संध्याकाळी घसरणार असते. पान ४६ चा क्यू बदलला आणि त्या वाक्याला काका खिडकीशी गेलेले असतात.

बदली नटही तयार केला, नाशिकच्याच हौशी मंडळातला, ५२ वर्षांचा. सज्जाच्या मध्यावरून एक पूर्ण प्रयोग चित्रित केला आणि सहा तालमी घेतल्या. दोन बसून वाचनाच्या, दोन हालचालींच्या, एक पूर्ण संचाबरोबर, एक प्रकाश-संगीतासह. काकांचं ऐकून त्याने पहिल्या तालमीत हुबेहूब काकांची नक्कल केली. ती मोडायला दिग्दर्शकाला दोन तालमी लागल्या. बदली नटाने मूळ नटाच्या जागा घ्यायच्या, लकबी नाही. जागा बदलल्या तर इतरांचे क्यू बिघडतात. लकबी उचलल्या तर प्रेक्षकाला नक्कलच दिसते. पहिला प्रयोग त्याला आठवड्याच्या मधल्या वारी, बाहेरगावी दिला.

पैशाची बाजू

ही बाजू नट मंडळी शेवटी बघतात, आणि त्यामुळेच बरेच जण मालिका अर्ध्यावर सोडतात.

नमुन्याचा हिशोब असा. नाटकाची नाईट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, ३,५०० रुपये, महिन्याला ८ प्रयोग, म्हणजे २८,०००. ते प्रयोगाच्या रात्रीच मिळतात. मालिकेचे दिवसाला ६,००० रुपये, १४ दिवस धरले तर ८४,०००. त्यातून १० टक्के टीडीएस, म्हणजे ८,४०० कापून ७५,६०० हातात, पण बिल दिल्यापासून ९० दिवसांनी. टीव्हीच्या धंद्यात ही ९० दिवसांची पद्धत रुळलेली आहे. पहिल्या महिन्याचं बिल महिनाअखेरीस गेलं तर पैसे चौथ्या महिन्याच्या शेवटी येतात. तोवर खर्च चालूच. मालाडला दोघांत खोली ९,०००, सहा फेऱ्यांचा प्रवास ८,४००, वरखर्च ४,०००, मिळून महिन्याला २१,४००. चार महिन्यांचे झाले ८५,६००. मालिकेचा पहिला रुपया येण्याआधी एवढे घालावे लागतात. काकांना निवृत्तिवेतन होतं आणि नाटकाच्या नाईट होत्या. फक्त मालिकेवर नाशिक सोडणाऱ्या नवख्याकडे दोन्ही नसतं.

कराचं थोडक्यात. वर्षाचं मानधन या हिशोबाने १३,४४,००० होतं. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाख, म्हणून नोंदणीची गरज नाही. अभिनय हा व्यवसाय अनुमानित कर पद्धतीत बसतो. एकूण जमेच्या निम्मी रक्कम, म्हणजे ६,७२,०००, उत्पन्न म्हणून दाखवता येते आणि खर्चाच्या पावत्यांचा हिशोब ठेवावा लागत नाही. काकांची चूक आगाऊ करात झाली. साठीनंतर आगाऊ कर भरावा लागत नाही, हे त्यांनी बँकेतल्या मित्राकडून ऐकलं होतं. ती सवलत व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठांना आहे. मानधन घेणाऱ्या नटाला अनुमानित पद्धतीत सगळा आगाऊ कर १५ मार्चपर्यंत भरावा लागतो, नाहीतर व्याज लागतं. टीडीएस कापला म्हणजे भरला गेलाच असंही नाही. कर खात्याच्या संकेतस्थळावर दर तिमाहीला तो आपल्या पॅनवर दिसतो का ते पाहायचं, आणि दिसत नसेल तर निर्मितीसंस्थेच्या हिशोबनिसाला तेव्हाच लिहायचं. मालिका संपल्यावर हिशोबनीस दुसरीकडे गेलेला असतो.

मालिकेच्या कराराचे आणखी चार महिने उरले आहेत. नूतनीकरणाच्या बोलण्यात काकांनी दर तोच ठेवून महिन्याला १२ दिवस आणि मालिका सोडण्याआधी कळवायची मुदत ६० ऐवजी ३० दिवसांची मागितली आहे. निर्मितीसंस्थेने १४ दिवसांवर तयारी दाखवली, मुदतीबद्दल अजून उत्तर नाही. नाटकाच्या निर्मात्याने पुढच्या तिमाहीच्या तारखा भरताना कालिदासचे दोन रविवार घेतले आणि दोन्हींच्या आदल्या शनिवारच्या रकान्यात 'काका रिकामे, मेल झाली' असं लिहून ठेवलं आहे.